मोजून नाही पाहाचं

बगीच्यात शिरण्याआधी ते चपला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काढून ठेवायचे. कोणी कारण विचारलं तर म्हणायचे, "चपला घातलेला माणूस भरभर चालते. भरभर चालणाऱ्याले समोरचंच फळ दिसते."

मग दोन्ही हात पाठीमागे घेऊन ते संत्र्याच्या ओळींतून चालू लागायचे. गंमत अशी, की फळांकडे फारसं बघायचेच नाहीत. फांदी किती वाकली आहे ते बघायचे, तिच्याखाली बांबूचे टेके किती लावलेत ते बघायचे, झाडाची सावली कुठे दाट पडली आहे ते बघायचे. ओठ हलत असायचे. आवाज नाही, नुसते ओठ. शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन परत यायचे, चपला घालायचे, आणि मालक व व्यापारी या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघून एक आकडा सांगायचे. बगीच्यात फळं किती, तो आकडा. पाठोपाठ नेहमीचं वाक्य: "मोजून नाही पाहाचं."

सौसर-पांढुर्ण्याकडची, मध्य प्रदेशातल्या आमच्या मराठी पट्ट्यातली, ही जुनी रीत तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. फळ झाडावर असतानाच बगीचा विकला जातो. मालकाला फळ जास्त दिसतं, व्यापाऱ्याला कमी. मधे दोघांनी मानलेला एक माणूस असतो, त्याच्या आकड्यावर सौदा होतो. तोडणी झाल्यावर कोणी फळं मोजत बसत नाही. मोजलं तर तो त्या माणसाचा अपमान. आमच्या भागात हा माणूस म्हणजे ते. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, मीही म्हणायचो. त्यांचं पूर्ण नाव मी एकदा एका कागदावर लिहिलं आहे. पुन्हा लिहायची हिंमत नाही.

एका वर्षी नागपूरच्या एका नव्या व्यापाऱ्याने चोरून फळं मोजली म्हणतात. भाऊंच्या आकड्यापेक्षा अकरा कमी भरली. तो हसत हसत टपरीवर आला आणि चार लोकांत म्हणाला, "भाऊ, अकरानं चुकले तुम्ही."

"अकरा?" भाऊ म्हणाले. "राखणदाराले इचारा."

राखणदाराने मान खाली घातली. त्या आठवड्यात त्याच्याकडे जावई आला होता.

ही गोष्ट किती खरी आणि किती लोकांनी रंगवलेली, मला माहीत नाही. पुढचं मात्र माझ्यासमोरचं आहे. त्या व्यापाऱ्याच्या सौद्याला भाऊ पुन्हा कधी गेले नाहीत. मी एकदा म्हटलं, "भाऊ, आकडा तर तुमचाच खरा निघाला. मग राग कशाचा?"

"खरा निघाला हो," ते म्हणाले. "पण त्यानं मोजला ना."

मी वकील आहे. सौसरच्या कोर्टाच्या आवारात पत्र्याखाली माझं टेबल तेव्हा नुकतंच लागलं होतं. तिशीचा होतो, काळा कोट नवा होता आणि पक्षकार जुनेच, म्हणजे वडिलांच्या ओळखीतले. समोरच्या टपरीवर सौद्याच्या दिवसांत मालक-व्यापाऱ्यांची गर्दी असायची. भाऊ बाकाच्या टोकाला बसायचे. सौदा होईपर्यंत कोणाचाही चहा घ्यायचे नाहीत. तहान लागली तर सोबत आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायचे. सौदा झाला की मात्र लागोपाठ दोन कप, एक मालकाकडून आणि एक व्यापाऱ्याकडून. "एकाचाच पेलो तं दुसऱ्याले वाटन, आकडा तिकडे झुकला."

रिकामे असले की कोर्टाच्या फाटकाकडे बघत बसायचे. एकदा मला म्हणाले, "साहेब, आज पेशीवर दोनशे दहा माणसं हायेत."

"त्यातले खरं बोलणारे किती?" मी थट्टेने विचारलं.

"ते मोजाले काय लागते," ते म्हणाले. "बोटं पुरतात."

शनिवारी जामसांवलीला जायचे, पायी. हनुमानासमोर उभं राहून लगेच परत फिरायचे. मी म्हटलं, एवढं चालून जाता आणि काही मागत नाही? "त्याले दिसते ना सारं," ते म्हणाले. "दिसणाऱ्याले सांगाचं नसते." कोणी आपल्याला न मोजता मानावं, एवढीच त्यांची मिजास होती. बाकी अंगावर एक धोतर, एक सदरा, खांद्यावर दुपट्टा.

आता जे सांगायचं आहे ते मी वीसेक वर्षं कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही अर्धंच माहीत आहे.

त्या वर्षी आंब्या बहाराच्या, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या संत्र्यांच्या, तोडणीआधी सौसरजवळच्या एका बगीच्यात सौदा होता. व्यापाऱ्याच्या बाजूने पांढुर्ण्याचा एक दलाल आला होता. माणूस तोंडाचा फटकळ, मनाचा बरा. तरुणपणी गोटमारीत, पांढुर्ण्याच्या दगडफेकीच्या जत्रेत, कपाळावर घेतलेला व्रण टोपी मागे सारून दाखवत फिरायचा. भाऊंनी आकडा सांगितला. दलालाला तो जास्त वाटला. चार माणसांसमोर तो म्हणाला, "भाऊ, एक तं तुमाले आता दिसत नाही, नाही तं सकाळी मालकाकडे जेवून आले."

भाऊंनी जवळच्या फांदीखालचा टेका काढला आणि एकदाच मारला. डोक्यात. दलाल जागच्या जागी बसला आणि मग आडवा झाला. भाऊंनी टेका परत फांदीखाली लावला, नीट बसला की नाही ते हलवून पाहिलं, आणि मग गुडघे टेकून आपला दुपट्टा दलालाच्या डोक्याला घट्ट बांधला. त्याला जीपमधे घालून दिल्यावर चपला घातल्या आणि चालत ठाण्यात जाऊन बसले.

तो टेका परत लावल्याचं तुम्ही लक्षात ठेवा. त्याच गोष्टीवर मी केस जिंकली.

दलालाच्या कवटीला तडा गेला होता. नागपूरला ऑपरेशन झालं, तो वाचला, एक कान कायमचा गेला. भाऊंवर जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला. जामीन झाला नाही. मी वकीलपत्र घेतलं. सत्र न्यायालयातला माझा हा पहिलाच खटला.

जेलमधे भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्याआधी सगळं ठरवून ठेवलं होतं.

"साहेब, मले तीन गोष्टी सांगाच्या हायेत. मी मारलं. समजून मारलं. आन त्याची माफी मागतो, साऱ्यायसमोर. त्यानं मले साऱ्यायसमोर म्हटलं, तं माफीही साऱ्यायसमोरच पाहिजे. मंग जजसाहेब सजेचा जो आकडा सांगतीन तो सांगतीन. मी मोजून नाही पाहणार."

"भाऊ, चार गवाह आहेत. असं बोललात तर सहा-सात वर्षं कुठे गेली नाहीत."

"जाऊ द्या."

"कोर्टात असं चालत नाही. बचाव म्हणून काही असतो."

"कोणाचा बचाव?"

"तुमचा."

"मंग मलेच इचारा ना."

मी हसलो आणि म्हटलं, बघू. पक्षकाराला 'बघू' म्हणायला आम्ही लवकर शिकतो. कसं लढायचं हे वकिलाने ठरवावं, ते ठीक. पण काय म्हणून लढायचं, मारलं म्हणून की नाही मारलं म्हणून, शहाणा म्हणून की वेडा म्हणून, हे ज्याची मान अडकली आहे त्याने ठरवायचं असतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. माहीत होतं. मला जिंकायचं होतं.

आठवडाभराने वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, टेबलाशी आल्या. पदराखाली पत्र्याचा डबा होता. डब्यात नागपूरच्या एका डॉक्टरांचे जुने कागद. भाऊ-वहिनींची नऊ वर्षांची मुलगी तापाने गेली होती, ही गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा कळली. भाऊंच्या तोंडून मी तिचा उल्लेख कधी ऐकला नव्हता. ती गेल्यावर भाऊ चार महिने बोलले नव्हते. डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलं होतं, की रुग्ण झोपत नाही, विचारलेल्याला उत्तर देत नाही, सतत ओठ हलवतो, काहीतरी मोजत असावा.

"त्यायले नका सांगू, मी हे कागद दिले म्हणून," वहिनी म्हणाल्या. "आन साहेब, त्यायच्या बोलण्याकडे ध्यान नका देऊ. ते म्हणून राहिले, सजा घेतो. घेतीन ते. मी कोणाकडे पाहू?"

मला रस्ता दिसला. घटनेच्या वेळी माणूस भानावर नव्हता असं सिद्ध झालं तर तो सुटतो. मी वहिनींचं ऐकलं. त्यांच्या नवऱ्याला विचारलं नाही.

सरकारी पक्षाची साक्ष संपली की कोर्ट आरोपीला एकेक गोष्ट विचारतं: तुमच्याविरुद्ध असं आलं आहे, तुमचं काय म्हणणं? सगळ्या खटल्यात आरोपीने स्वतःच्या तोंडाने बोलायची खरी जागा तेवढीच असते. भाऊ कित्येक महिने तिचीच वाट बघत होते. त्या दिवशी त्यांनी धुतलेला सदरा मागवून घेतला होता. मी आदल्या दिवशी त्यांची उत्तरं हिंदीत लिहून काढली होती, पाच पानं. कोर्टाच्या व्हरांड्यात, शिपायाच्या शेजारी बाकावर बसलेल्या भाऊंच्या हातात मी ती दिली.

"वाचून घ्या," मी म्हटलं. ज्या सुरात म्हटलं की माणूस वाचत नाही, त्या सुरात.

"तुम्ही लिहिलं ना? मंग वाचू कायले?" भाऊ म्हणाले. "माहा आकडा कोणी मोजून पाह्यते काय?" पेन घेतलं, आणि मग थांबून विचारलं, "माफीचं लिहिलं ना साहेब?"

मी म्हटलं, "सगळं आहे त्यात."

हे तीन शब्द मी खोटे बोललो. हे लिहायला बसलो ते या तीन शब्दांसाठीच.

त्यांनी पाचही पानांवर सही केली. दहावीपर्यंत शिकलेले होते, सही मोठी आणि सुवाच्य होती. आत जजसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला तसे भाऊ कठड्याला धरून पुढे झुकले. "साहेब, मी..." एवढं ते बोलले आणि मी उभा राहून म्हणालो, आरोपीची उत्तरं लेखी दाखल आहेत. रीडरने, म्हणजे जजसाहेबांच्या कारकुनाने, पानं वाचायला घेतली. "घटना के समय मेरी मानसिक स्थिति ठीक नहीं थी. मुझे कुछ याद नहीं." एका प्रश्नाला तेच, दुसऱ्याला तेच, तिसऱ्याला तेच.

भाऊंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बगीच्यात एखाद्या झाडापाशी ते थांबायचे, पानं हिरवीगार असून फांदी वाकलेली नाही असं झाड, तसे थांबले. ओठ मात्र हलले नाहीत.

जजसाहेबांनाही काहीतरी जाणवलं असावं. त्यांनी थेट विचारलं, "ये जवाब आपके हैं?"

त्या क्षणी भाऊ 'नाही' म्हणू शकले असते. माझी वकिली तिथेच संपली असती, आणि ते योग्यच झालं असतं.

"सही माहीच हाय, साहेब," भाऊ म्हणाले.

दिलेला आकडा त्यांनी आयुष्यात कधी मागे घेतला नव्हता. सही केलेला कागद ते कसा मागे घेणार होते?

पुढचं सोपं होतं. वहिनींनी साक्ष दिली. नागपूरचे म्हातारे डॉक्टर येऊन कागद आपलेच आहेत असं सांगून गेले. मुलीचं मरण मी भरल्या कोर्टात वाचायला लावलं. आणि मग मी टेक्यावर आलो. म्हटलं, समोर माणूस रक्तात पडला आहे आणि मारणारा बांबू परत फांदीखाली लावतो, हलवून बघतो. हे शहाण्या माणसाचं काम आहे? एवढ्यात मागून भाऊंचा आवाज आला, हळू, कोणाला उद्देशून नाही: "फांदी मोडली असती ना." रीडर हसला. मी तेही वापरलं. म्हटलं, पाहा.

आणि ओठांचंही सांगितलं. हा माणूस स्वतःशीच मोजत असतो, सारा तालुका साक्षीला आहे, असं सांगितलं. तालुका खरंच साक्षीला होता. त्याने ते इतकी वर्षं वेगळ्या अर्थाने पाहिलं होतं, एवढंच.

भाऊ सुटले. पण वेडा म्हणून सुटलेल्याला कोर्ट असंच सोडत नाही, कोणा नातेवाइकाच्या ताब्यात देतं. त्याने लिहून द्यायचं, की मी याला सांभाळीन, हा कोणाला इजा करणार नाही. ते लिहून द्यायला वहिनींचा भाऊ आला. हा मेहुणा बोरगावच्या बाजारात स्वतःची सायकल तीनदा विसरून पायी घरी आलेला माणूस. रीडरने त्याला विचारलं, सांभाळाल ना? तो म्हणाला, "हाव." आणि ज्यांच्या नुसत्या तोंडी आकड्यावर बगीचे विकले जायचे, त्यांच्यासाठी त्याने सही केली. भाऊ शेजारी उभे होते. पेन चालत नव्हतं म्हणून त्यांनी ते मेहुण्याच्या हातून घेतलं, झटकलं आणि परत दिलं.

बाहेर माझे पेढे वाटले जात होते. भाऊ माझ्यापाशी आले. पेढा घेतला, हातातच ठेवला.

"तुम्ही जिंकले, साहेब," ते म्हणाले. "माही केस तं लागलीच नाही."

मी म्हटलं, भाऊ, घरी जा, आराम करा.

महिन्याभराने ते टेबलाशी आले आणि विचारलं, सुटल्याच्या विरोधात अपील करता येते काय? मी मोठ्याने हसलो. शेजारच्या टेबलावरच्यालाही सांगितलं, तोही हसला. भाऊ थोडा वेळ उभे राहिले, आम्ही हसायचे थांबेपर्यंत, आणि मग गेले. आजही कधी कोर्टात कोणी हसलं की मला ते उभं राहणं आठवतं.

त्या बहाराला त्यांना कोणी बगीच्यात बोलावलं नाही. पुढच्याही नाही. लोक वाईट नव्हते. रस्त्यात भेटले तर जास्तच गोड बोलायचे, लहान मुलाशी बोलतात तसं, "जेवले काय भाऊ? बरं हाय ना आता?" एका मालकाने दया येऊन बोलावलं. भाऊ गेले, चपला काढल्या, चालले, आकडा सांगितला. मालकाने 'बरं बरं' म्हणून मान हलवली आणि तोडणीला दोन माणसं मोजायला बसवली. त्यानंतर भाऊंनी आकडा सांगणं सोडलं. गल्लीतून जाताना त्यांचे ओठ हलले की बायका पोरांना जवळ ओढू लागल्या होत्या. ती भीती त्यांना मी शिकवली होती.

मारणारा म्हणून सजा भोगून ते परत आले असते, तर लोकांनी त्यांना बोलावलं असतं. मारणाऱ्याचा आकडा चालतो. रागीट माणसाचा तर जास्तच चालतो. वेड्याचा चालत नाही. एवढा साधा हिशेब भाऊंना जेलमधे बसून कळला होता आणि मला कायद्याची पदवी घेऊन कळला नव्हता.

ते बांबूचे टेके कापून विकू लागले. तासलेले, वर बेचकं नीट केलेले. सायकलला बांधून बगीच्या-बगीच्यात न्यायचे आणि धुऱ्यावर ठेवून यायचे. आत जायचे नाहीत.

निकालाला वर्ष होत आलं तेव्हा दलाल माझ्याकडे आला. ठार बहिरा नव्हता, पण एका बाजूने बोललेलं त्याला ऐकू यायचं नाही, म्हणून माणसाभोवती फिरून जागा पकडायचा. खुर्ची ओढून माझ्या डाव्या हाताला बसला आणि गरजला, "वकीलसाहेब, तुम्ही माह्या माराची इज्जत घालवली."

मी म्हटलं, म्हणजे?

"म्हणजे काय? सारं पांढुर्णा म्हणून राहिलं, तुले पागलानं मारलं. कुत्रं चावल्यासारखं! मी गोटमारीत उभा राह्यलेला माणूस हाय. मी त्याले बोललो, म्हणून त्यानं मारलं. बोलणं माहं वाईट होतं. मार त्याचा बरोबर होता, थोडा जोरात बसला फक्त." टोपी काढून त्याने डोकं माझ्यापुढे केलं. "पाहा. एका ठिकाणी, एकच. पागल माणूस असा नेम धरते काय? लिहून द्या कोर्टाले, मी सही करतो."

मी सांगितलं, आता काही होत नाही.

"मंग तुमी करता काय इथं बसून?" तो म्हणाला, आणि उठून गेला.

त्यानंतर मी त्या दोघांना एकत्र पाहू लागलो. दलालाची मोटारसायकल, मागे टेक्यांची मोळी धरून बसलेले भाऊ. टपरीवर भाऊ त्याच्या ऐकू येणाऱ्या बाजूला बसायचे. भाऊंनी त्याची माफी मागितली होती का, कधी, कुठे, मला माहीत नाही. साऱ्यांसमोर नक्कीच नाही. ती जागा मी बंद केली होती. पण दलाल नवा सौदा करण्याआधी भाऊंना मागे बसवून बगीच्याच्या रस्त्याने एक चक्कर मारतो, असं लोक म्हणायचे. त्याचे सौदे कधी चुकले नाहीत, हेही म्हणायचे. दोन गोष्टींचा संबंध कोणी जोडला नाही. जोडला असता तर वेड्याच्या आकड्यावर सौदा केला असं झालं असतं.

माझं बरं चाललं. घर बांधलं, अंगणात संत्र्याचं एक झाड लावलं. ते फळाला आलं त्या वर्षी मी भाऊंना रस्त्यात थांबवलं. म्हटलं, भाऊ, या एकदा. सांगा ना किती आहेत.

मला माफी मागायची होती आणि ती मागण्याचा मला सुचलेला हा मार्ग होता. सरळ मागता आली असती. रोज दुसऱ्यांच्या वतीने माफीचे अर्ज लिहितो मी.

"पागलाले काहून इचारता, साहेब?" भाऊ म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. कोर्टाने दिलेला शब्द ते मानत होते.

दर वर्षी मी विचारायचो, दर वर्षी ते हेच म्हणायचे. मग तो आमच्यातला रामराम झाला.

पांढुर्णा जिल्हा झाला. सौदे आता बरेचसे वजनावर होतात, कॅरेट भरतात, काटा लावतात. आकडा सांगणाऱ्याची तशीही कोणाला गरज उरली नाही. मी स्वतःला हेही सांगून पाहिलं, की धंदा असाही बुडणारच होता. नाही पटत.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी ओसरीत पेपर वाचत होतो. फाटकाबाहेर मोटारसायकल थांबली. मागून भाऊ उतरले. फार वाळले होते. फाटकापाशी त्यांनी चपला काढल्या. आत आले नाहीत, माझ्याकडे पाहिलंही नाही. हात पाठीमागे घेऊन झाडाकडे बघत उभे राहिले. ओठ हलत होते. मी पेपर खाली ठेवला नाही. हललो तर थांबतील असं वाटलं. मग त्यांनी चपला घातल्या, दलालाच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले, आणि दोघं गेले.

त्याच महिन्यात भाऊ गेले. तेरवी झाल्यावर दलाल माझ्याकडे आला. फिरून माझ्या डाव्या हाताला बसला. चहा झाला. अंगणातलं झाड तसंच भरलेलं उभं होतं, मी तोडू दिलं नव्हतं.

"त्यानं सांगितला होता आकडा," दलाल म्हणाला.

मी विचारलं, "किती?"

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ते नाही सांगत. तोच म्हणे, वकिलाले सांगू नको."

"का?"

"म्हणे, वकील मोजून पाहीन."

त्याने टोपी घातली आणि गेला. मी करंडी आणली, शिडी लावली, आणि कोणालाही मदतीला न बोलावता फळं तोडायला लागलो. हे लिहिताना असं लिहायचा मोह होतो, की मी ती न मोजता शेजारीपाजारी वाटून टाकली. पण एवढं सगळं सांगून झाल्यावर आता कशाला?

मोजली. दोनदा मोजली. दोनशे सदतीस. आकडा माझ्यापाशी आहे आणि तो बरोबर आहे की चूक, हे सांगणारा माणूस नाही. फळं उतरल्यावर झाडाच्या फांद्या वर गेल्या. एका फांदीखालचा टेका सैल होऊन खाली पडला. तो मी कधी लावला नव्हता, कोण कधी लावून गेलं तेही पाहिलं नव्हतं. तासलेला, वर बेचकं नीट केलेला. मी तो उचलून परत फांदीखाली लावला आणि हलवून पाहिला.